स्थगिती

रोज सकाळी दहाला नसीमा मुजावर मृत्युमापकावरचा आकडा वाचायची आणि भिंतीवरच्या फळ्यावर हिरव्या खडूनं लिहायची. एकेचाळीस दिवस तो आकडा एकच होता. शून्य. पहिल्या आठवड्यात शून्य आलं की प्रयोगशाळेत टाळ्या पडायच्या. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी पेढे आणले. आता कुणी मान वर करूनसुद्धा बघत नव्हतं. माणसाची जातच तशी. चमत्कार रोज व्हायला लागला की त्याची नुसती हजेरी लागते.

रत्नागिरीच्या दक्षिणेला, जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर ही प्रयोगशाळा होती. खाली समुद्र, आणि समुद्राकाठी वेळशीचं अणुवीज केंद्र. त्या केंद्रात एकेचाळीस दिवसांपूर्वी थंड पाण्याचा एक व्हॉल्व्ह अडकला. यंत्रमानव दाराशीच बंद पडला. तेव्हा पाळीवरचा अभियंता हेरंब कोंडविलकर स्वतः आत गेला, चार मिनिटं ते चाक फिरवत राहिला आणि काम उरकून चालत बाहेर आला. त्या चार मिनिटांत त्यानं साडेसहा ग्रे किरणोत्सार अंगावर घेतला होता. चार ग्रेला निम्मी माणसं जातात. साडेसहा म्हटल्यावर डॉक्टर आकडे बोलायचे थांबतात आणि घरच्यांना बोलावून घेतात.

हेरंबच्या घरचं माणूस सड्यावरच होतं. त्याची थोरली बहीण डॉ. शलाका कोंडविलकर सतरा वर्षं या प्रयोगशाळेत एकच काम करत होती, पेशीचं मरण अडवण्याचं. पाऊण तासात तिनं भावाच्या शिरेत आपलं औषध सोडलं. कागदावर त्याचं नाव विकरनिरोधक-चौदा. बोलताना सगळे त्याला ‘स्थगिती’ म्हणत. हे नाव तिचे गुरू डॉ. हुद्दार यांनी ठेवलं होतं, आणि ते थट्टेत ठेवलंय असं सगळ्यांना वाटायचं.

हुद्दारांनी आणखी एक गोष्ट मागे ठेवली होती, एक नेम. जो औषध घडवेल त्यानं पहिला घोट घ्यायचा, आणि औषधाला मान्यता मिळेपर्यंत घेत राहायचं. दुसऱ्याच्या तोंडात घालतोस ते आधी स्वतःच्या तोंडात घाल, असा त्यांचा खाक्या. शलाका पाच वर्षं सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर स्थगितीची निम्मी मात्रा घेत होती. तिला काही झालं नव्हतं. गळ्याला उजवीकडे एक गाठ आली होती, पण ती दाढेची असणार असं म्हणून तिनं दीड वर्ष दाताच्या डॉक्टरकडे जायचं टाळलं होतं. हेरंब तिला चिडवायचा, “ताई, तू मेल्यावरसुद्धा मरायची नाहीस. स्मशानात उठून बसशील आणि आम्हालाच झापशील.”

आता तो काचेच्या खोलीत बसून आमटी-भात खात होता आणि बायकोशी भांडत होता, म्हणजे बरा होता. दारावर शलाकाच्या हातचा कागद होता: ‘ताप, सर्दी, खोकला असणाऱ्यानं आत यायचं नाही.’ त्याची बायको ऋतुजा रोज मास्क, टोपी, हातमोजे चढवून आत जायची. नणंदेला ती मुद्दाम जुन्या चालीनं ‘वन्सं’ म्हणायची, कारण शलाकाला त्याचा राग यायचा.

पण मंगळवारी सत्कार झाला. मुंबईहून साहेब आले, शाल आली, श्रीफळ आलं, पुष्पगुच्छ आला. काचेबाहेरून करा म्हटलं, तर काचेवर उजेड पडतो, फोटो नीट येत नाही. मग पाच मिनिटांसाठी दार उघडलं. आत बारा माणसं गेली. शाल पांघरायची तर मास्क कसला लावायचा! शलाका दोनदा नको म्हणाली. मग तिनं फळ्याकडे बघितलं. सदतीस शून्यं होती. ती गप्प बसली.

गुरुवारी हेरंबला शिंका आल्या. शुक्रवारी अंग नव्व्याण्णव पॉइंट सहा झालं.

शनिवारी सकाळी डॉ. हुद्दार सांगलीहून येऊन थडकले. वय एकोणऐंशी, हातात काठी, पण काठी चालण्यासाठी कमी आणि दाखवण्यासाठी जास्त. शलाकानं फोनवर ‘सर, जरा या’ एवढंच म्हटलं होतं. त्यांनी आधी हेरंबच्या तापाचा कागद बघितला, मग फळ्यासमोर उभं राहून एकेचाळीस शून्यं नीट वाचली, एक एक.

“हा ताप तुला नडणार आहे,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे, सर. पेशीला मरायच्या वाटा दोन. पहिली आवरमरणाची. पेशी घर आवरते, सामानाच्या पुड्या बांधते, शेजारच्या पेशी त्या उचलून नेतात. कुणाला पत्ता लागत नाही. ती वाट स्थगितीनं बंद केलीय. तापाचा निरोप आला आणि पहिली वाट बंद सापडली, की पेशी दुसरी धरते. फुटमरण. ती फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं, त्यानं ताप वाढतो, शेजारणीला तोच निरोप जातो.”

“आणि शेजारणीचीही पहिली वाट बंद.”

“हो. औषध सगळ्या अंगात आहे ना. त्यामुळे चांगल्या पेशीसुद्धा फुटतील. म्हणूनच आता औषध सोडवायचंय. उद्या सकाळी माझी अस्थिमज्जा त्याला देते. आमची पूर्ण जुळते. नवं रक्त तिथून सुरू होईल, मग स्थगिती हळूहळू उतरवायची.”

“आणि त्याच्या स्वतःच्या पेशींचं काय?”

“त्या एव्हाना सावरल्या असणार. आडोसा मिळाला की पेशी स्वतःची डागडुजी करते आणि मरायचा हुकूम गळून पडतो. एकेचाळीस दिवस शून्य आहे, सर!”

हुद्दारांनी काठी फळ्यावर टेकवली. “हा मापक मोजतो काय गं?”

“सर, तुम्हीच तर बनवलात.”

“मी बनवला म्हणूनच विचारतोय. नसीमा, तू सांग.”

नसीमा नऊ वर्षं हे यंत्र चालवत होती, तिला झोपेतही आलं असतं. “पेशीला मरायचा हुकूम झाला की तिच्यात कातरणारी विकरं जागी होतात, सर. विकरं म्हणजे एंझाइम. तीच आतलं सगळं कातरतात. आपण नमुन्यात एक रंग घालतो. विकरानं तो कातरला की चमकतो. जितकी चमक तितकी मरणं.”

“शाब्बास. आणि स्थगिती काय करते?”

“स्थगिती त्या विकरांना धरून ठेवते. कातरूच देत...” नसीमा थांबली. तिनं फळ्याकडे बघितलं, मग शलाकाकडे. “या अल्ला,” ती हळूच म्हणाली.

“बोल ना. का थांबलीस?”

“विकरंच धरून ठेवलीत तर रंग कोण कातरणार, सर?”

“कोणी नाही! शून्यच येणार. उद्याही शून्य, परवाही शून्य.” हुद्दारांचा आवाज चढला होता. “कोर्टाचा बेलिफ खोलीत कोंडून ठेवायचा आणि रोज सकाळी त्याला विचारायचं, बाबा रे, आज किती घरं खाली केलीस? तो म्हणणार, एकही नाही साहेब. आणि तुम्ही पेढे वाटता. अगं, हुकूम रद्द झालाय का ते कुठे बघितलंस? मी नाव काय ठेवलं होतं याचं? रद्द? माफी? स्थगिती म्हटलं होतं मी!”

शलाकाचा चेहरा उतरला, पण ती हटली नाही. “पेशी जिवंत आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघितल्यात मी. तो जेवतोय, सर, भांडतोय.”

“जिवंत आहेतच. स्थगिती मिळालेलं घर उभंच असतं, त्यात माणसं जेवतातही. औषध काढून घेतल्यावर कुणाच्या पेशी बघितल्यास? उंदरांच्या?”

“उंदीर औषध चालू असतानाच कापले.”

हे बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली. सतरा वर्षांत मरण थांबलं का, एवढंच सगळ्यांनी विचारलं होतं. थांबवलेलं सोडून दिलं तर काय, हे कुणालाच सुचलं नव्हतं. चांगली बातमी उलटीपालटी करून बघायला जीव होत नाही, दुसरं काय.

“मग आता बघूया,” हुद्दार म्हणाले. “रक्त घ्या, पांढऱ्या पेशी वेगळ्या काढा, चार वेळा धुवा, औषधाचा कण राहता कामा नये. सात तास उबेत ठेवा. मग निळा रंग घाला आणि हातानं मोजा. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, मेलेली घेते. यंत्राचं नाव काढायचं नाही.”

शलाकानं सवयीनं सुई उचलली आणि स्वतःच्या बोटाला टोचली. तुलनेला निरोगी रक्त लागायचं, आणि ते कायम तिचंच असायचं. दुसऱ्या कुणाला कशाला त्रास, म्हणून पडलेली रीत.

हुद्दार तिच्या गळ्याकडे बघत होते. “ती गाठ कधीपासून आहे?”

“कोणती? ही? दाढेची आहे.”

“हं. नसीमा, तुझंही रक्त दे. तू कधी स्थगिती घेतलीयस?”

“नाही सर. नेम फक्त करणाऱ्याला.”

“तीन नळ्या कशाला, सर?” शलाका म्हणाली. “तुलनेला माझी आहे ना.”

“असू दे तिसरी. म्हाताऱ्याचा हट्ट समज.”

त्यांनी नळ्यांवरची नावं स्वतः पुसली, अ, ब, क लिहिलं आणि कुणाची कुठली ते चिठ्ठीवर टिपून चिठ्ठी खिशात घातली. मोजणाऱ्याला नाव कळलं की डोळे पक्षपात करतात, हे त्यांचं जुनंच म्हणणं होतं.

ते सात तास शलाका तीनदा काचेपाशी जाऊन आली. हेरंबचं अंग शंभर झालं होतं. तो म्हणाला, “ताई, उद्या मला तुझं रक्त चढणार म्हणजे मी पण सगळ्यांना झापत सुटणार का गं?” ती हसली. आत बसलेली ऋतुजाही हसली आणि लगेच तोंड फिरवून उशी सारखी करायला लागली.

संध्याकाळी पाचला मोजणी सुरू झाली. काचपट्टीवर चौकटी, चौकटीत पेशी, अंगठ्याखाली मोजणीचं बटण. आधी शलाकानं मोजलं, मग नसीमानं, आणि दोघींचे आकडे जुळल्यावरच हुद्दारांनी ते फळ्यावर लिहिले. अ नळीत शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी निळ्या. ब नळीत चार. क नळीत त्र्याण्णव.

शलाका म्हणाली, “एक नळी बिघडलीय. आजारी एक, निरोगी दोन. मेलेली एकच नळी यायला हवी. नसीमा, तुझी धुताना काहीतरी झालंय बघ.”

हुद्दारांनी चिठ्ठी काढली आणि न वाचताच तिच्यापुढे ठेवली.

अ, हेरंब. ब, नसीमा. क, शलाका.

शलाकानं ती दोनदा वाचली. मग तिचा हात गळ्याकडे गेला.

“ती दाढेची नाही,” हुद्दार म्हणाले. “ज्या पेशींनी जायला हवं होतं आणि ज्या गेल्या नाहीत, त्यांची दाटी आहे ती. निरोगी शरीरातही रोज अब्जावधी पेशींना हुकूम निघतो, शलाका. म्हाताऱ्या झालेल्या, मोडलेल्या. तुझे पाच वर्षांचे हुकूम तुंबून राहिलेत. त्याच्यावर एका दिवसात आले, तुझ्यावर रोज थोडे थोडे.”

“आणि आम्ही पाच वर्षं प्रत्येक नमुना माझ्याशी ताडून बघितला,” ती म्हणाली.

नसीमा रडायला लागली. शलाका रडली नाही. तिच्या डोक्यात स्वतःचा विचार अजून आलाच नव्हता. “म्हणजे उद्या माझी मज्जा त्याला देऊन उपयोग नाही.”

“औषध असेतो जगेल. औषध उतरलं की तुझीही मरेल आणि त्याचीही.”

“दुसरा कुणी दाता?”

“शोधायला तीन आठवडे. ताप तोवर वाट बघेल का?”

“औषध तसंच चालू ठेवलं तर?”

“तूच सकाळी सांगितलंस मला.”

“आणि मी?”

“घेतेस ती गोळी सोडता येणार नाही. आणि तुला ताप येता कामा नये. साधी सर्दीसुद्धा नको. कधीच.” “तो नेम माझा होता गं. पहिला घोट. मला वाटलं, यानं माणूस प्रामाणिक राहतो.” ते खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. पन्नास वर्षांत त्यांना रडताना कुणी बघितलं नव्हतं.

सूर्य समुद्रावर आला होता तेव्हा शलाका काचेपाशी गेली. हेरंबच्या अंगावर चट्टे उठायला लागले होते, कोपराशी आणि मानेवर. फुटमरण सुरू झाल्याची ती पहिली खूण. अंग एकशे एक. ती बोलायच्या आधीच तो म्हणाला, “तोंड बघूनच कळलं. सांग सरळ. मी इंजिनिअर आहे, मला गोल गोल सांगू नकोस.”

तिनं सरळ सांगितलं. दोन्ही वाटा सांगितल्या. औषध चालू ठेवलं तर पेशी फुटत जातील, खूप वेदना होतील, पाच-सहा दिवस. औषध थांबवलं तर पेशी आपलं आपण आवरून घेतील, दुखेल कमी, दोन किंवा तीन दिवस. मग तिनं तिसऱ्या नळीचंही सांगितलं, कारण त्याच्यापासून तिनं कधी काही लपवलं नव्हतं.

ऋतुजा पलंगाच्या कडेला धरून उभी होती.

“आवरून घेतील म्हणतेस ना?” हेरंब म्हणाला. “मग तेच बरं. फुटायबिटायचं नको. मी व्हॉल्व्हसुद्धा नीट बंद करून आलोय.” त्याचे डोळे भरले. “मला मरायचं नाहीये गं, ताई. आत्ताच तर भात गोड लागायला लागला होता.”

शलाकाला राहवलं नाही. तिनं भिंतीवरचा पोशाख ओढला आणि हात घातला. “थांब, मी आत येते.”

“नाही!” हेरंब ओरडला. त्याला खोकला आला, तो त्यानं चादरीत दाबला. “आत पाऊल टाकायचं नाही तू. मला व्हायरस आहे.”

“पोशाख आहे ना. मास्क आहे.”

“पोशाख मला जपायला होता, तुला नाही. तुझ्या अंगात माझ्यासारखीच वाट बंद आहे, आत्ता तूच सांगितलंस. दारावर काय लिहिलंयस ते वाच. आता ते तुझ्यासाठी आहे. ताप आहे इथे.”

“हेरंब, अरे, मी तुला असं काचेतून...”

“ऋतुजा, तिला सांग गं.”

ऋतुजा काचेजवळ आली. सकाळपासून चेहऱ्यावर चढवलेला मास्क तिनं काढला. तिनं औषधाचा थेंबही कधी घेतला नव्हता. तिला सर्दी झाली असती तर नुसती सर्दीच झाली असती.

“वन्सं,” ती म्हणाली, आणि त्यात चिडवणं नव्हतं. “तुम्ही बाहेरच थांबा. मी आहे त्याच्याजवळ.”

शलाकाच्या हातातून पोशाख गळून पडला. ती तिथेच जमिनीवर बसली, काचेला पाठ लावून नाही, काचेकडे तोंड करून. हेरंबनं ऋतुजाला सांगून पलंग काचेजवळ ओढवून घेतला. शलाकानं आतल्या पंपाचं बटण बाहेरून दाबलं. भावाच्या नळीतून येणारी स्थगिती थांबली. एकेचाळीस दिवस ज्या हातानं ती चालू ठेवली, त्याच हातानं तिनं ती बंद केली.

सहा वाजले तेव्हा नसीमा चहा घेऊन आली. ताटलीत एक कप आणि एक गोळी होती. तिनं ती शलाकाजवळ खाली ठेवली. शलाकानं गोळीकडे बघितलं आणि ताटली बाजूला सारली.

आतून काचेवर टकटक झाली. हेरंब कोपरावर उठून बसला होता.

“ताई, नाटकं करू नकोस. घे ती.”

“कशाला रे?”

“कारण दोन दिवसांनी कुणीतरी माझे आकडे हातानं मोजून फळ्यावर लिहायला पाहिजेत. आणि त्या शून्यांच्या शेजारी खरं काय ते लिहायला पाहिजे. तू नाही लिहिलंस तर साहेब पुन्हा शाल घेऊन दुसऱ्या कुणाकडे जातील.” त्याला दम लागला. “घे म्हणतो ना. मी बघतोय.”

तिनं गोळी घेतली आणि वर चहा प्यायली. चहा निवला होता. ती गिळेपर्यंत हेरंब काचेतून बघत राहिला, लहानपणी ती त्याला औषध पाजून तोंड उघडून दाखवायला लावायची तसा. मग तिनंही तोंड उघडून दाखवलं, आणि तो आडवा झाला.